दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ: अनेक पक्ष असले की चिखलफेकीचे गणित कसे बदलते

सप्टेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये निवडणूक झाली, तेव्हा दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांवरच तोफा रोखल्या होत्या. मार्क रुटे यांचा उजवीकडे झुकलेला उदारमतवादी पक्ष सांगत होता, देश डाव्यांच्या हाती जायला नको असेल तर आम्हाला मत द्या. डीडेरिक सामसोम यांचा मजूर पक्ष सांगत होता, रुटे पुन्हा नको असतील तर आम्हाला द्या. लोकांनी दोघांचेही ऐकले. १५० जागांच्या सभागृहात रुटे यांच्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या, मजूर पक्षाला ३८. आणि ५ नोव्हेंबरला, म्हणजे दोन महिनेही उलटले नव्हते तोवर, या दोघांनी मिळून सरकार स्थापन केले. पंतप्रधान झाले रुटे.

‘रुटे नकोत’ एवढ्याच कारणासाठी मजूर पक्षाला मत दिलेल्या माणसाचे मत अशा रीतीने रुटे यांच्याच सरकारच्या पाठीशी उभे राहिले.

कुठल्याही बहुपक्षीय देशातल्या मतदाराला हा अनुभव ओळखीचा वाटेल. निवडणुकीत एकमेकांची उणीदुणी काढणारे निकालानंतर एका टेबलाशी बसतात. मग इतके भांडले कशाला, असा प्रश्न पडतो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हणून तो प्रश्न सोडून देणे सोपे आहे, पण त्यामागे एक साधे गणित आहे. ते समजले की कोण कोणावर टीका करतो, कोणाला मुद्दाम सोडून देतो आणि कोण गप्प बसून वाट पाहतो, हे प्रचार चालू असतानाच दिसू लागते.

नकारात्मक प्रचार म्हणजे नेमके काय

‘मी काय करणार’ हे सांगणे म्हणजे सकारात्मक प्रचार. ‘तो का नको’ हे सांगणे म्हणजे नकारात्मक प्रचार. अभ्यासक सहसा एवढीच व्याख्या वापरतात. तिच्यात खरे-खोटे, सभ्य-असभ्य असा भेद नाही. ‘यांच्या काळात बेरोजगारी वाढली’ हाही नकारात्मक प्रचार आणि ‘हा माणूस चोर आहे’ हाही. आपण बोलताना ‘चिखलफेक’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा दुसरा प्रकार असतो. त्यामुळे एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टींवर वाद होत राहतो. या लेखात धोरणावरच्या आणि कारभारावरच्या हल्ल्याला टीका म्हणू. माणसाच्या चारित्र्यावर, कुटुंबावर किंवा शरीरावर केलेल्या हल्ल्याला चिखलफेक म्हणू. दोन्हींचे गणित काही अंशी सारखे आहे, परिणाम मात्र वेगळे.

दोनच पक्ष असतील तर

आधी सोपी परिस्थिती घेऊ. शंभर मतदार आहेत आणि ‘क’ व ‘ख’ हे दोनच पक्ष. दोघांकडे पन्नास-पन्नास मते. ‘क’ने ‘ख’वर जोरदार हल्ला चढवला आणि ‘ख’चे आठ मतदार नाराज झाले. त्यातले तीन ‘क’कडे आले, पाच घरी बसले. इकडे हल्ल्याची भाषा न आवडल्याने ‘क’चेही तीन मतदार घरी बसले. शेवटी ‘क’ ५०, ‘ख’ ४२. ‘क’चे एक मतही वाढले नाही, तरी तो आरामात जिंकला.

हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण त्यातली खुबी खरी आहे. दोघांच्या लढतीत समोरच्याचे नुकसान हाच आपला फायदा असतो. त्याचा मतदार आपल्याकडे आला नाही आणि नुसता घरी बसला, तरी चालते. अमेरिकेत १९६४ मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या प्रचाराने फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी आणि मग अणुस्फोट अशी जाहिरात केली. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावही तिच्यात नव्हते. नाव घेण्याची गरजच नव्हती. मैदानात दोघेच असताना ‘तो धोकादायक आहे’ याचा अर्थ ‘मग मीच’ असा आपोआप होतो.

तिसरा आला की

आता ‘ग’ला मैदानात आणू. ‘क’ आणि ‘ख’ यांच्याकडे प्रत्येकी ३६ मते, ‘ग’कडे २८. ‘क’ने पूर्वीसारखाच हल्ला केला आणि ‘ख’चे आठ मतदार पुन्हा नाराज झाले. या वेळी त्यांना घरी बसायचे कारण नाही, कारण तिसरे दार उघडे आहे. पाच जण ‘ग’कडे गेले, दोघे ‘क’कडे आले, एकटा घरी राहिला. भांडणाला कंटाळलेले ‘क’चे तीन मतदारही ‘ग’कडेच गेले. निकाल: ‘क’ ३५, ‘ख’ २८, ‘ग’ ३६.

हल्ला यशस्वी झाला. ‘ख’ खरोखर कोसळला. पण जिंकला तो, ज्याने तोंडही उघडले नव्हते. ‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आपण सहज वापरतो. निवडणुकीचे गणित मांडले की ती अक्षरशः खरी ठरते.

याचे गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जानेवारी २००४ मध्ये झालेली डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदासाठीची उमेदवार निवड. देशात दोन पक्ष असले तरी पक्षांतर्गत लढतीत अनेक उमेदवार असतात, म्हणून हिशेब बहुपक्षीय निवडणुकीचाच लागतो. हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट हे दोघे आघाडीवर मानले जात होते. त्यांनी एकमेकांवर कडवट जाहिरातींचा भडिमार केला. निकालात जॉन केरी सुमारे ३८ टक्क्यांनी पहिले आणि जॉन एडवर्ड्स ३२ टक्क्यांनी दुसरे आले. डीन यांना १८ टक्के मिळाले, गेपहार्ट यांना ११.

एका निकालावरून नियम काढू नये, कारण त्यात इतर दहा कारणे मिसळलेली असतात. म्हणून इटलीतला एक प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. महापौरपदाच्या एका निवडणुकीत तीन मुख्य उमेदवार होते. संशोधकांनी एका उमेदवाराच्या प्रचाराचे भाग पाडले. दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी काही भागांत फक्त स्वतःबद्दलचा चांगला संदेश दिला आणि काही भागांत प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करणारा. कुठल्या भागात कुठला संदेश जाणार, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. हल्ल्याचा स्पष्ट फायदा झाला तो तिसऱ्या उमेदवाराला. तो हल्ला करणाराही नव्हता आणि हल्ल्याचे लक्ष्यही नव्हता.

यातून एक चमत्कारिक अडचण तयार होते. मोठा पक्ष खाली यावा असे बाकी सगळ्यांनाच वाटते, पण वार करणाऱ्याचे हात मळणार आणि मते गप्प बसलेल्याच्या झोळीत पडणार. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांच्या सभेतला प्रश्न प्रत्येक विरोधी पक्षाच्या कार्यालयात येतोच. अनेक विरोधी पक्ष असूनही सत्ताधाऱ्यावर धारदार टीका होत नाही, तेव्हा त्याचे कारण दर वेळी भीती किंवा साटेलोटे नसते. प्रत्येक जण दुसऱ्याने सुरुवात करावी म्हणून थांबलेला असतो.

शत्रूही तोच, सोयरीकही त्याच्याशीच

आघाडीच्या सरकारांचा प्रश्न इथून सुरू होतो, आणि बहुपक्षीय राजकारणातला खरा पेच तोच आहे.

नेदरलँड्समध्ये संपूर्ण देश हा जणू एकच मतदारसंघ असतो आणि ज्या प्रमाणात मते, त्या प्रमाणात जागा मिळतात. याला प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणतात. अशा पद्धतीत एकट्या पक्षाला बहुमत जवळपास कधीच मिळत नाही. २०२१ च्या निवडणुकीनंतर तिथे सरकार बनायला २९९ दिवस लागले. शेजारच्या बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस गेले. ज्याला इतके महिने समोरासमोर बसून एकेका कलमावर तडजोड करायची आहे, त्याने प्रचारात समोरच्याला देशद्रोही म्हणून ठेवले असेल तर पहिल्या बैठकीतला चहा कडूच लागणार.

म्हणून सरळ सल्ला असा दिसतो: ज्याच्याबरोबर सरकार करायचे, त्याला दुखवू नका. पण मते कुठून आणायची? कट्टर डावा मतदार एका भाषणाने कट्टर उजव्या पक्षाकडे जात नाही. मतदार हलतो तो शेजारच्या पक्षाकडे, ज्याचे विचार थोडेफार जुळतात त्याच्याकडे. म्हणजे मते हिसकावायची तर ती शेजाऱ्याकडूनच हिसकावता येतात. आणि सरकार करायचे तर तेही शेजाऱ्याबरोबरच जमते, कारण कार्यक्रम त्याच्याशीच जुळतो. ज्याच्याशी सर्वांत जास्त भांडावे, त्याच्याशीच सोयरीक करायची अशी ही अवस्था आहे.

यातून मार्ग काढताना पक्षांची नाना तऱ्हेची वागणूक दिसते. निवडणुकीआधीच दोन गट पडले तर गटाच्या आत जिव्हारी लागेल असा वार होत नाही. सगळा मारा पलीकडच्या गटावर जातो. गटातल्या मित्रावर बोलायचेच झाले तर ‘हेतू चांगला आहे, पण अनुभव कमी पडतो’ अशी मऊ भाषा येते. आपल्या राजकीय बोलीतला ‘मैत्रीपूर्ण लढत’ हा शब्द याच अडचणीतून जन्मला आहे. लढायचे आहे, पण जखम खोल जाऊ द्यायची नाही.

गट आधी पडलेले नसतील तर मात्र अंदाज चुकतात आणि ते चुकणे महागात पडते. जर्मनीत २००५ च्या निवडणुकीत अँगेला मर्केल यांच्या पक्षाने मूल्यवर्धित कर (व्हॅट) १६ टक्क्यांवरून १८ टक्के करू असे आधीच जाहीर केले होते. समाजवादी लोकशाही पक्षाने त्यावर रान उठवले. त्या वाढीला त्यांनी ‘मर्केल कर’ असे नाव दिले आणि तो महाग पडेल असे पोस्टरांवर छापले. टीका चोख होती: धोरणावर होती, खऱ्या प्रस्तावावर होती, लोकांच्या खिशाशी संबंधित होती. निकाल आला तो मर्केल यांच्या बाजूने ३५.२ टक्के विरुद्ध समाजवादी लोकशाही पक्षाचे ३४.२ टक्के. कोणाचेच दुसऱ्यावाचून जमेना. दोघे एकत्र आले आणि १ जानेवारी २००७ पासून मूल्यवर्धित कर १९ टक्के झाला. एक पक्ष १८ म्हणत होता, दुसरा १६ च ठेवा म्हणत होता. तडजोड झाली १९ वर.

या गोष्टीत वैयक्तिक शिवीगाळ जवळजवळ नाही, तरी मतदाराच्या मनाला ती जास्त लागते. वाईट बोलून एकत्र आलेले लोक एक वेळ माफ होतात. ज्या मुद्द्यावर मत मागितले, तोच मुद्दा उलटा करणाऱ्यांना माफ करणे अवघड जाते.

मग सर्वांत मोठा आवाज कोणाचा

ज्याला सरकारात जायची आशा नाही, त्याला सांभाळण्यासारखे काही नसते. बेल्जियममधल्या फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या, भागात इतर पक्षांनी एका कट्टर उजव्या पक्षाशी कुठलीही युती न करण्याचा निर्णय अनेक वर्षे पाळला. असा वाळीत टाकलेला पक्ष सगळ्यांवर एकसारखा तुटून पडू शकतो. उद्याच्या बैठकीची काळजी त्याला नाही. उलट ‘बाकी सगळे एक, आम्ही वेगळे’ हेच त्याचे भांडवल होते. विरोधी पक्ष सत्ताधाऱ्यांपेक्षा जास्त हल्ला करतात आणि हल्ले मोठ्या व सत्तेतल्या पक्षांवर जास्त होतात, हे बऱ्याच देशांत आढळले आहे. ते समजण्यासारखेही आहे. सत्तेत असलेल्याकडे दाखवायला काम असते, बाहेर असलेल्याकडे फक्त त्या कामातल्या चुका असतात.

ज्यांना सरकारात जायचे आहे, ते काम वाटून घेतात. मुख्य नेता सौम्य बोलतो. दुसऱ्या फळीतले नेते, ‘स्वतंत्र’ समर्थक आणि समाजमाध्यमांवरची निनावी पाने घाण काम करतात. नेत्याचे हात स्वच्छ राहतात, म्हणजे उद्या हात मिळवायला मोकळे. ऑस्ट्रियात २०१७ मध्ये हाच डाव उघडा पडला. तिथल्या समाजवादी लोकशाही पक्षाने नेमलेल्या सल्लागाराच्या चमूने फेसबुकवर प्रतिस्पर्धी पक्षाचे नेते सेबास्टियन कुर्त्स यांच्याविषयी दोन खोटी पाने चालवल्याचे मतदानाच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर आले. त्यातले एक पान तर कुर्त्स यांच्या चाहत्यांचे वाटावे असे रचले होते. पक्षाच्या सरचिटणीसांना राजीनामा द्यावा लागला आणि शेवटचे निर्णायक दिवस याच प्रकरणाच्या चर्चेत गेले. पक्षाची मते तशी फारशी घटली नाहीत, पण पहिले स्थान आणि चॅन्सलरपद, म्हणजे सरकारचे प्रमुखपद, दोन्ही गेले. कुर्त्स यांनी तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला सोबत घेऊन सरकार बनवले.

निनावी हल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. आक्षेप कडवटपणाला नाही, पत्ता नसण्याला आहे. बहुपक्षीय राजकारणात हल्लेखोराला जो लगाम बसतो, तो ‘वाईट बोललास तर लोक तुलाच नाकारतील’ या भीतीचा. निनावी पानामुळे ती भीती निघून जाते. वर आळ तिसऱ्यावर ढकलता येतो.

मत देण्याची पद्धत बदलली तर

काही ठिकाणी मतदार एकाच नावापुढे खूण न करता उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. सर्वांत कमी मते मिळालेला उमेदवार बाद होतो आणि त्याची मते त्या-त्या मतदाराच्या पुढच्या पसंतीकडे जातात. याला पसंतीक्रम मतदान म्हणू. इथे शेजाऱ्यावरचा हल्ला आणखी महाग पडतो, कारण शेजाऱ्याच्या मतदाराची दुसरी पसंती आपल्याला हवी असते. ज्याच्या लाडक्या नेत्याला तुम्ही कालच शिव्या दिल्या, तो तुम्हाला दुसरा क्रमांक कशाला देईल?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. राज्याच्या माजी गव्हर्नर सारा पेलिन आणि निक बेगिच हे दोघे रिपब्लिकन एकमेकांवर तुटून पडले. डेमोक्रॅटिक मेरी पेल्टोला त्या भांडणापासून लांब राहिल्या. पहिल्या पसंतीत पेल्टोला यांना सुमारे ४० टक्के, पेलिन यांना ३१ आणि बेगिच यांना २८ टक्के मते पडली. दोन्ही रिपब्लिकन मिळून जवळपास साठ टक्के. बेगिच बाद झाले. त्यांच्या मतदारांपैकी साधारण निम्म्यांनीच पेलिन यांना दुसरी पसंती दिली होती. २९ टक्के पेल्टोला यांच्याकडे गेले आणि २१ टक्क्यांनी पुढे कोणालाच पसंती दिली नव्हती. पेल्टोला सुमारे ५१.५ टक्क्यांनी जिंकल्या. पेलिन यांच्याविषयीची जुनी नाराजी हेही याचे कारण होते, पण एकमेकांच्या मतदारांना परके करून दोघांनी त्यात भरच घातली.

पद्धत बदलली की राजकारण सभ्य होते, असे मात्र मानू नये. ऑस्ट्रेलियात पसंतीक्रम १९१८ पासून आहे आणि तिथला प्रचार मवाळ म्हणून ओळखला जात नाही. शेवटी लढत दोन मोठ्या गटांतच होते, त्यामुळे तिथे पुन्हा दोघांचेच गणित लागू पडते.

याच्या उलट टोकाला, ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, अशी पद्धत. भारतात, ब्रिटनमध्ये आणि कॅनडात ती आहे. पक्ष पुष्कळ असले तरी एकेका मतदारसंघात खरी चुरस बहुधा दोघा-तिघांतच असते. इथे छोट्या पक्षावरच्या हल्ल्याला खास रूप येते: ‘त्याला दिलेले मत वाया’, ‘तो मते खायला उभा आहे’, ‘तो अमक्याची बी टीम’. हाही नकारात्मक प्रचारच आहे, फक्त तो उमेदवाराच्या गुणदोषांविषयी काही सांगत नाही. त्याच्या असण्यावरच आक्षेप घेतो. हा आक्षेप कधी आकडेमोडीने खरा असतो, पण पुरावा न देता कोणालाही चिकटवता येतो, म्हणून तो स्वस्तही असतो.

चालत नसेल, तर पक्ष करतात कशाला?

ही शंका रास्त आहे. २००७ मध्ये अमेरिकी अभ्यासकांनी १११ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नकारात्मक प्रचार लक्षात जास्त राहतो, पण त्याने मते मिळतात असा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. लोक मतदानालाच जात नाहीत, या लोकप्रिय समजालाही आधार मिळाला नाही. राजकारणावरचा आणि सरकारवरचा विश्वास मात्र थोडा कमी होतो, असे दिसले.

मग पक्ष थांबत का नाहीत? एक तर ‘सरासरीने चालत नाही’ म्हणजे ‘कधीच चालत नाही’ असे नव्हे. प्रत्येक सेनापतीला आपली लढाई अपवाद वाटते. दुसरे, वाईट बातमी माणसाच्या मनाला लवकर चिकटते. दहा जणांनी कौतुक केले आणि एकाने टोचून बोलले, तर रात्री झोपताना टोचणारेच आठवते. माध्यमेही भांडणाला जागा देतात, धोरणपत्रिकेला देत नाहीत. तिसरे कारण सहसा नजरेतून सुटते: हल्ला पुष्कळदा आपल्याच लोकांसाठी असतो. मरगळलेल्या कार्यकर्त्याला उठवायला शत्रू लागतो. समोरच्याचा एकही मतदार हलला नाही तरी आपला घरी बसायचा थांबला, एवढे पुष्कळ असते.

आणि चौथे, हरू लागलेला पक्ष जुगार खेळतो. कॅनडात १९९३ मध्ये सत्तेतल्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्षाने लिबरल पक्षाचे नेते झाँ क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रे दाखवणारी जाहिरात आणली. क्रेतिएँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून लुळी होती. हा माणूस पंतप्रधान म्हणून शोभतो का, असा तिचा सूर होता. लोक संतापले आणि जाहिरात लगेच मागे घ्यावी लागली. त्या निवडणुकीत २९५ जागांपैकी या पक्षाला दोन मिळाल्या. फक्त दोन. पक्ष आधीच घसरत होता, सगळा दोष जाहिरातीचा नाही. पण नाराज मतदारांपुढे लिबरल पक्षाशिवाय आणखी दोन मोठी दारे उघडी होती: क्वेबेकमधला ब्लॉक पक्ष ५४ जागांवर गेला आणि पश्चिमेकडचा रिफॉर्म पक्ष ५२ वर. दोनच पक्ष असते तर काही मतदार नाक मुरडूनही जागेवर राहिले असते. इथे त्यांना तशी सक्ती नव्हती.

मग टीका बंदच करावी का?

मुळीच नाही. सत्ताधारी स्वतःच्या चुका स्वतः छापत नाही. ते काम विरोधकानेच करायचे असते. अमेरिकी अभ्यासक जॉन गीर यांनी १९६० ते २००४ या काळातल्या अध्यक्षीय निवडणुकांच्या जाहिराती तपासल्या, तेव्हा नकारात्मक जाहिरातींत मुद्दे आणि पुरावे सकारात्मक जाहिरातींपेक्षा जास्त आढळले. ‘मला देशाची काळजी आहे’ म्हणायला पुरावा लागत नाही. ‘याने अमुक विधेयकाविरुद्ध मत दिले’ म्हणायचे तर कागद दाखवावा लागतो.

तेव्हा प्रश्न विचारायचा तो टीका आहे की नाही हा नाही. ती खरी आहे का, आणि त्या पदाशी तिचा संबंध आहे का, हे विचारायचे. कायदेही साधारण हीच रेष आखतात. भारतात निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेनुसार टीका धोरणे, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम एवढ्यापुरती हवी. उमेदवाराच्या चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे विधान छापणे हे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) खाली भ्रष्ट आचरण ठरते. ब्रिटनमध्ये अशाच तरतुदीखाली २०१० मध्ये मजूर पक्षाचे खासदार फिल वुलास यांची निवड न्यायालयाने रद्द केली. ते अवघ्या १०३ मतांनी जिंकले होते. प्रतिस्पर्धी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराविषयी त्यांनी खोटी विधाने केल्याचे सिद्ध झाले.

पण भांडून पुन्हा एकत्र येणे ही फसवणूक नाही का?

काही वेळा आहे, काही वेळा नाही. दोघांना मिळून बहुमत होते आणि दुसरी कोणतीही जुळणी शक्य नाही, अशा वेळी एकत्र न येणे म्हणजे पुन्हा निवडणूक. तडजोड हा बहुपक्षीय पद्धतीचा दोष नाही, तीच तिची कामाची रीत आहे. फसवणूक होते ती प्रचारात, जेव्हा पक्षाला उद्याची शक्यता स्पष्ट दिसत असते आणि तरी तो ‘त्याच्याबरोबर कदापि नाही’ असे ठासून सांगतो किंवा समोरचा पक्ष म्हणजे देशावरचे संकट असे चित्र उभे करतो. ‘त्यांच्या करप्रस्तावाला आमचा विरोध आहे’ असे म्हणणारा पुढे तडजोड करू शकतो आणि ती लोकांना समजावूही शकतो. ‘तो माणूस सत्तेत आला तर देश बुडेल’ असे सांगितलेला पक्ष त्याच माणसाच्या मंत्रिमंडळात बसला, की त्याला सांगण्यासारखे काही उरत नाही.

नेदरलँड्सच्या मजूर पक्षाची तीच गत झाली. सरकार पूर्ण मुदत चालले. खर्चकपातीचे कठोर निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून घेतले. मार्च २०१७ मध्ये पुन्हा निवडणूक आली, तेव्हा रुटे यांच्या पक्षाच्या आठ जागा कमी झाल्या, तरी तो पहिल्या क्रमांकावर राहिला. ‘रुटे नकोत’ म्हणून ज्याला मते पडली होती, तो मजूर पक्ष ३८ वरून ९ वर आला. त्याचे मतदार डावीकडच्या, मधल्या आणि नव्या अशा कितीतरी पक्षांत पांगले. रुटे यांनी तीन नवे भागीदार घेऊन पुढचे सरकार बनवले, त्याला २२५ दिवस लागले.